बाळंत होईपर्यंत

आमच्या खोलीत शिशाचा एप्रन एकच होता. जड, जुना, काखेपाशी चिरा गेलेला. नियम असा की मशीन चालवताना पेशंटला धरून जो कोणी उभा असेल त्याच्या अंगावर एप्रन द्यायचा आणि आपण लांब व्हायचं. डिप्लोमाच्या पहिल्याच महिन्यात हे शिकवतात. मी तो माझ्याच अंगावर घालायचो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर मी सगळं सांगेन आणि एवढं गिळून बसेन.

दवाखाना एका ट्रस्टचा होता, जव्हारहून मोखाड्याकडे जाताना रस्त्याला लागून. दहा खाटा, एक म्हातारे डॉक्टर, दोन नर्स, एक आयाबाई आणि एक्स-रेला मी. तो बंद पडून खूप वर्षं झाली. मी सांगतोय ते नव्वदच्या दशकाच्या मधलं. मी मोखाडा तालुक्यातलाच, भात-नागली पिकवणाऱ्या घरातला. मुंबईत दोन वर्षं चुलत्याकडे राहून डिप्लोमा केला आणि पांढरा कोट घालून परत आलो. घरी मी आमच्या बोलीत बोलायचो, पण कोट चढवला की माझी जीभ पुण्याची व्हायची. श्वास आत घ्या, रोखून धरा, हालचाल करू नका. पाड्यावरची माणसं माझ्या तोंडाकडे बघत राहायची. त्यातल्या निम्म्यांची बोली आणि माझी बोली एकच होती, पण मी ते कळू द्यायचो नाही. कळलं की लगेच मामा-भाचे निघतात, नंबर आधी लाव म्हणतात, असं मी बायकोला सांगायचो. ते खोटं होतं. मला लाज वाटायची, दुसरं काय.

मशीन लहान आणि म्हातारं. बटण दाबलं की अख्ख्या दवाखान्याचे दिवे मंद व्हायचे. व्होल्टेज पडलं की फोटो धुरकट यायचा आणि परत काढावा लागायचा. बटणाची वायर चार हात लांब, म्हणजे मी पळून पळून कुठे पळणार? मध्ये प्लायवुडची एक आडभिंत होती, ती उघड्यावर कपडे बदलायला लागू नयेत एवढ्याच कामाची. शिरपामाळावर फिरायला आलेलं मुंबईचं एखादं कुटुंब पाय मुरगळला म्हणून यायचं, तेव्हा ते मशीनकडे बघून मला विचारायचे, हे चालतं का हो? मी म्हणायचो, तुमच्या नशिबाने आज चालतंय.

पण माझं खरं काम लहान पोरांच्या छातीचं. वावर-वांगणीकडची मुलं कुपोषणाने गेली, पेपरात आलं, गाड्या आल्या, मोठी माणसं येऊन गेली, त्याला फार दिवस झाले नव्हते. आमचे डॉक्टर खोकणारं एक पोर फोटोशिवाय सोडायचे नाहीत. सदरा काढून पोर फिल्मच्या पाटीसमोर उभं केलं की बरगड्या डोळ्यांनीच मोजता यायच्या, त्याला मशीन कशाला हवं? रोज चार, कधी सहा. काही परत दिसायची, काही नाही दिसायची. मी विचारायचं सोडून दिलं होतं.

आता माझ्या घरचं. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. एक्स-रेवाल्यांना मूल होत नाही, हे तुम्ही कुठेही ऐकाल. माझी आई तर सरळ म्हणायची, ते मशीन तुला आतून जाळतंय. बायको काही म्हणायची नाही, पण मी घरी आलो की माझा कोट बाहेर ओट्यावरच उतरवून घ्यायची. पुढे मुंबईला तपासण्या केल्या तेव्हा कारण भलतंच निघालं, मशीनचा काडीचा संबंध नव्हता. पण ते पुढे. तेव्हा मी त्या एप्रनला घोरपडीसारखा चिकटलेलो असायचो. जेवायला बसताना तेवढा काढायचो.

ती आली ती माघातल्या थंडीत. विशीच्या आतबाहेरची बाई, कमरेवर चार वर्षांची पोर, आणि पुढे सासरा. नवरा भिवंडीकडे वीटभट्टीवर. दिवाळी झाली की आमच्याकडे अर्धा तालुका असाच रिकामा होतो, त्याला आम्ही जगायला जाणं म्हणतो. पोरीला दोन महिन्यांचा खोकला, संध्याकाळचा ताप, मान काडीसारखी. डॉक्टरांनी चिठ्ठी दिली आणि तिघं माझ्या दारात उभी राहिली.

पोर मशीन बघून किंचाळायला लागली. कोणीतरी धरायला हवं होतं. सासऱ्याचे हात थरथरायचे, म्हणून आईनेच धरायचं ठरलं. आणि अशा वेळी विचारायचा प्रश्न मी विचारला. विचारला, हे लक्षात ठेवा, चुकवला नाही. हातातल्या फिल्मच्या कॅसेटकडे बघत, माझ्या त्या पुणेरी आवाजात, सासऱ्यासमोर, एका तरण्या बाईला मी विचारलं, "गरोदर वगैरे नाही ना?"

तिने सासऱ्याकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही पाहिलं नाही. जमिनीकडे बघून मान हलवली. ती मान हो म्हणत होती की नाही म्हणत होती की नुसती लाजेने खाली गेली होती, हे बघायला मला वेळ नव्हता. आमच्याकडची कुठली बाई सासऱ्यादेखत असल्या प्रश्नाला तोंड उघडेल? माझी बहीण उघडणार नाही, माझी बायको उघडणार नाही. हे मला ठाऊक नव्हतं असं म्हणायची सोय नाही, कारण मी त्याच मातीतला. म्हाताऱ्याला बाहेर पाठवून, आपल्या बोलीत, बहिणीला विचारावं तसं विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं. पण मग माझा कोट गळून पडला असता ना!

एप्रन माझ्या अंगावर होता. तिने स्टुलावर बसवलेल्या पोरीचे दोन्ही दंड कानाला लावून धरले आणि पोट स्टुलाला टेकवून वाकून उभी राहिली. पहिल्या वेळी पोर हलली. दुसऱ्या वेळी व्होल्टेज पडलं. तिसरा फोटो बरा आला. लाल दिव्याच्या खोलीत फिल्म धुतली तेव्हा उजव्या फुफ्फुसाच्या मुळाशी पांढरा डाग स्वच्छ दिसला. डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली, सहा महिन्यांची. पंधरा पंधरा दिवसांच्या गोळ्या द्यायच्या, म्हणजे तेवढ्या निमित्ताने पोर डोळ्यांखालून जाते. डॉक्टरांनी सासऱ्याला दोनदा बजावलं की एक दिवस चुकवायचा नाही, चुकवलं की ही पोर हातची जाईल.

त्यांनी एक दिवस चुकवला नाही. दर पंधरा दिवसांनी बाजाराच्या दिवशी ती बाई पोरीला घेऊन यायची, तीन तास चालून. गोळ्यांची खिडकी माझ्या खोलीसमोरच होती, त्यामुळे दिसायची. पोरीने बाळसं धरलं. एकदा तर तिने मला जीभ काढून दाखवली. मी पण काढली.

चैत्र संपता संपता डॉक्टरांनी पुन्हा फोटो मागवला. सासरा मुलाकडे भट्टीवर गेला होता, म्हणून दोघीच आल्या. या खेपेला पोर स्वतःच जाऊन पाटीसमोर उभी राहिली आणि कोणी न सांगता दोन्ही हात वर केले. आई तिला धरायला पुढे सरली. खिडकीतून उन्हाची तिरीप पडली होती, त्यात लुगड्याच्या काष्ट्यावरचं तिचं पोट मला दिसलं.

 कितवा, म्हणून मी विचारलं. तिने एका हाताची पाचही बोटं दाखवली. मी मनात मागे मोजत गेलो. माघात दोन महिने झालेले होते. तीन फोटो, पोट स्टुलाला टेकलेलं, आणि एप्रन माझ्या अंगावर.

माझा स्वभाव तापट आहे हे सगळे सांगतील. पण मी भ्यालो की जास्त तापतो, हे फक्त बायकोला माहीत आहे. मी आयाबाईला हाक मारली, त्या बाईला दाराबाहेर काढलं, एप्रन आयाबाईच्या गळ्यात घालून तिला पोर धरायला लावलं, फोटो काढला आणि त्या बाईला दंडाला धरून व्हरांड्यात आणलं. आणि मग बोललो. पहिल्यांदाच आमच्या बोलीत बोललो, कारण राग मला पुणेरीत येत नाही. पोटुशी आहेस तर तोंड नव्हतं का, हे मशीन पोटातल्या पोराला खातं, लुळंपांगळं होतं, आंधळं होतं, काय वाटेल ते मी बोललो. ती डोळे मोठे करून ऐकत होती. कोटातला साहेब आपल्या बोलीत बोलतो याचंच तिला आधी नवल वाटलं असणार. शेवटी मी म्हणालो, "बाळंत होईपर्यंत या दवाखान्याची पायरी चढायची नाय. पोटातला जीव पाहिजे असेल तर नाय चढायची. कळलं?"

तिने मान हलवली. या वेळी ती मान मी नीट पाहिली. कळलं होतं.

मशीन खोलीत होतं. गोळ्यांच्या खिडकीत नव्हतं, डॉक्टरांच्या टेबलावर नव्हतं. मला म्हणायचं होतं एवढंच की फोटोच्या खोलीत पाय ठेवू नकोस. पण मी म्हणालो दवाखाना, आणि पायरी. औषधाचं तर मी बोललोच नाही. माझ्या डोक्यात औषध नव्हतंच, माझ्या डोक्यात तिचं पोट होतं, आणि खरं सांगायचं तर तिचं पोटही नव्हतं, माझी नोकरी होती. फोटोत डाग निम्म्याने कमी झाला होता. डॉक्टर खूश झाले. पोर सुटली म्हणाले.

पुढच्या बाजाराला ती आली नाही. त्याच्या पुढच्याही आली नाही. मला कळत होतं. खिडकी माझ्यासमोरच होती, मला कसं नाही कळणार? पण मला बरं वाटलं. ते पोट डोळ्यांसमोर येत नाही म्हणून बरं वाटलं, असं आज लिहायला हात जड होतो. डॉक्टरांनी एकदा विचारलं की ती पोर दिसत नाही. मी म्हणालो, जगायला गेले असतील. त्यांनी मान डोलावली. आमच्याकडे या उत्तरावर पुढे कोणी विचारत नाही.

मग पाऊस लागला. जगायला गेलेली माणसं लावणीला परत आली, ओढे भरले, दवाखान्यात जुलाब, हिवताप आणि सर्पदंश यांची रांग लागली, आणि डॉक्टरांना मान वर करायला सवड राहिली नाही. मला होती. मी रात्रंदिवस एकच हिशेब करायचो, आता सातवा, आता आठवा. स्वप्नात मला ते मूल दिसायचं. कधी त्याला हात नसायचे, कधी डोळे. बायकोला वाटायचं मी आमच्या मुलासाठी झुरतोय, ती बिचारी माझी समजूत काढायची.

आषाढात मोखाड्याच्या बाजारात मला सासरा दिसला. डोक्यावर इरलं, हातात सुक्या बोंबलांची जुडी. दहा पावलांवर होता. सून कशी आहे, पोर कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, एवढं विचारायला काय लागतं? मी छत्री पुढे केली आणि भांडेवाल्याच्या मागे जाऊन उभा राहिलो. तो गेल्यावर बाहेर आलो. भांडेवाला म्हणाला, देणं आहे काय त्याचं? मी हसलो.

नवरात्र संपलं तेव्हा डॉक्टर जुने कागद चाळत होते आणि त्यांच्या हाताला त्या पोरीचा कागद लागला. त्यांनी मला बोलावलं. सहा महिन्यांतले अडीच महिनेच औषध गेलंय, ही आहे कुठे? मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. एप्रनचं, तीन फोटोंचं, पोटाचं. इतके दिवस साठलेलं होतं, एकदम बाहेर आलं आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

डॉक्टर हसले. म्हणाले, अरे वेड्या, धरणाऱ्याच्या अंगावर जातं ते किती? चूक ती चूक, पण तेवढ्याने पोटातल्या बाळाला काही होत नाही. तुला कोणी सांगितलं हे आंधळं-लुळं?  मग ते हसायचे थांबले. तू तिला नेमकं काय सांगितलंस, म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, जसंच्या तसं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि गोळ्यांची दोन पाकिटं माझ्या हातात दिली. "आत्ता जा," म्हणाले. "आणि तिला सांग की तू मूर्ख आहेस."

जीपने तिठ्यापर्यंत गेलो आणि तिथून चालत. पाऊस सरला होता, नागली कापणीला आली होती, वाटेवर दुतर्फा पिवळी फुलं. मी जवळजवळ पळत होतो. मनात वाक्यं जुळवत होतो, बोलीतली. बाय, मी चुकलो. दवाखान्यात यायला काही हरकत नाही. पोरीच्या गोळ्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करू, मी स्वतः आणून देईन, दर पंधरवड्याला आणून देईन. पाड्याच्या तोंडाशी एका म्हातारीला घर विचारलं. तिने काठीने दाखवलं.

ती ओट्यावर बसली होती, पाय पसरून, मांडीवर बाळ. मला बघून घाईने पदर सावरला आणि हसली. सासरा रानात होता, घरात दुसरं कोणी नव्हतं. मी कोट घातला नव्हता, तरी तिने ओळखलं. मी काही बोलायच्या आधीच तिने बाळाच्या अंगावरचं फडकं बाजूला केलं आणि मला दाखवलं. मुलगा होता, महिनाभराचा. मी खाली बसून बघितलं. दोन हात, दहा बोटं. दोन पाय. ओठ नीट, कान नीट. मी बोट पुढे केलं तर त्याने डोळे तिकडे फिरवले आणि बोट मुठीत पकडलं. चांगलं गुबगुबीत, काळंभोर, ठणठणीत पोर. माझ्या छातीवरचा धोंडा सरकला. इतका आनंद मला त्याआधी कधी झाला नव्हता. त्या भरात मी हातातली पाकिटं ओट्यावर ठेवली आणि विचारलं, मोठी कुठाय?

 तिने बाळाचं फडकं परत नीट गुंडाळलं. मग सांगायला लागली, न रडता, दुसऱ्या कोणाचं सांगावं तसं. गोळ्या संपल्या, तरी महिनाभर पोर चांगली होती, खेळायची, खायची. पाऊस लागला तसा ताप परत आला. भगताने राख लावली, दोरा बांधला. श्रावणात खोकला पुन्हा उसळला आणि ती उठेना. सासरा म्हणाला, झोळी करून दवाखान्यात नेऊ. पण पोर आईला सोडून जायला तयार नव्हती, सासऱ्याने उचललं की आईच्या लुगड्याला धरून आरडायची. दोन दिवस सासरा सुनेच्या मागे लागला होता की तूही चल. ती गेली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पोर गेली.

मी ओट्याची कडा धरून बसलो होतो. 

"सासरा लय बोलला मला," ती म्हणाली. "अजून बोलतो. पाड्यातल्या बाया बोलतात. मी सांगितलं त्यांना, दवाखान्यातल्या भावाने सांगलंय, आपल्यातलाच हाय तो, आपल्या बोलीत सांगलंय, तो खोटं कशाला सांगंल. मी गेले असते तर हा पण गेला असता आन् ती पण." तिने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. मग माझ्याकडे बघितलं, सरळ, पहिल्यांदाच. "तू सांगलंस तसंच केलं मी. बरं केलं ना, भाऊ?"

बाळाला उचकी लागली होती. ती त्याची पाठ चोळत माझ्याकडे बघत राहिली. ती उत्तराची वाट बघत होती, आणि तिला ते सासऱ्याला सांगायचं होतं, पाड्यातल्या बायांना सांगायचं होतं.

"बरं केलंस, बाय," मी म्हणालो.